अण्णांच्या जीपचा लोखंडी पंखा

मागच्या महिन्यात एका जुन्या जीपला इलेक्ट्रिक फॅन बसवला... आणि दुसऱ्याच दिवशी तो मीच खोलला.

लातूरला आमचं गॅरेज क्लासेसच्या गल्लीत आहे. चारी बाजूंनी होस्टेल, मेस, झेरॉक्स आणि पाठीवर बॅगा घेतलेली पोरं. एवढ्या गोंगाटातही बॉनेट न उघडता मी सांगतो, बेल्ट बोलतोय की बेअरिंग. औशाहून रिकाम्या हातानं आलेल्या माणसाची कमाई म्हणजे हे दोन कान. घरात हाक मारली की मात्र ते काम करत नाहीत, असं बायकोचं म्हणणं आहे...

अण्णा आमच्या गल्लीतलेच. किनवटला आश्रमशाळेच्या होस्टेलवर नोकरी केली आणि रिटायर होऊन इथं घर घेतलं. वरच्या मजल्यावर क्लासच्या मुलींना खोल्या दिल्यात. पेन्शनवर त्यांचं भागतं, भाड्याची गरज नाही. "घरात पोरींचा आवाज असावा, सलीम," एवढंच म्हणतात.

जीप फोर बाय फोर, किनवटला लिलावात घेतलेली. वर्षातून एकदाच लांब जाते. किल्लारीच्या भूकंपात अण्णांचं गाव गेलं; त्याच्या जुन्या जागेवर, दरवर्षी त्याच तारखेला जाते. गाव दुसरीकडे बसवलं. जुन्या जागी आता बाभळी आणि दगडांचे ढीग.

वाट काळ्या मातीची, पावसाच्या त्या दिवसांत चाकं गिळणारी. मागच्या वर्षी गावाच्या ओढ्याअलीकडेच रेडिएटर उकळला आणि अण्णा तिथूनच माघारी आले. यंदा चावी माझ्या हातात देत म्हणाले, "पोचली पायजे. कायबी कर."

दुखणं सोपं होतं. चिखलात गाडी रांगते, इंजिन सावकाश फिरतं, मग त्याच्या बेल्टवर चालणारा लोखंडी पंखाही सावकाशच फिरणार. हवा ओढणार कुठून? मी तो काढून कोपऱ्यात ठेवला आणि इलेक्ट्रिक फॅन बसवला. रिले, फ्यूज, सेन्सर सगळं नवं. कनेक्शन थेट बॅटरीला दिलं, म्हणजे चावी काढली तरी रेडिएटर थंड होईपर्यंत फॅन फिरत राहील. स्वतःच्या कामावर मी बेहद्द खूश होतो...

अण्णांना घेऊन औसा रोडला चक्कर मारून आलो. काटा मधल्या रेषेच्या वर गेला नाही. "अण्णा, एकदम ठंडा मामला," मी म्हणालो. गॅरेजसमोर त्यांनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं... फॅन मात्र घूंऽऽ करत चालूच राहिला.

अण्णा मान जराशी कलती करून बसले. ही त्यांची जुनी सवय, गाडी बंद केली की लगेच उतरत नाहीत. मला वाटायचं, गुडघे धरत असतील.

"हे बंद कर."

"होतंय की आपोआप, अण्णा. दोन मिनिटं दम धरा."

"सलीम. बंद कर म्हणलं ना."

इतक्या वर्षांत असा आवाज त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी वायर ओढली. मग सीटवरूनच, समोर बघत, ते बोलायला लागले...

त्यांची बायको लवकर गेली. मुलगी गावात चुलत्याकडं राहायची. अण्णा शनिवारी किनवटहून निघायचे, आणि ओढ्यापाशी या पंख्याचा घरघराट ऐकू आला की ती चहाचं आधण ठेवायची. जीप दारात थांबेपर्यंत चहा तयार.

भूकंपाच्या दिवशी ते पोचले तेव्हा दुपार झाली होती. घर कुठलं, गल्ली कुठली, काही कळत नव्हतं. तिथं एक रीत पडून गेली होती... मधूनच कुणीतरी हात वर करायचं, की सगळ्या गाड्या, सगळ्या मशिनी बंद. माणसं श्वास धरून उभी राहायची, खालून कुणाची हाक येते का ते ऐकायला. अण्णांनीही जीप बंद केली.

दगडांखालून आवाज आला, "अण्णा, आलात का?"

तिनं जीप ओळखली होती.

तेवढ्यात पलीकडं कुणाचं तरी मशीन सुरू झालं. ओरडून ते थांबवलं, परत परत हाका मारल्या... आवाज पुन्हा आला नाही. नक्की कुठून आला होता, तेही कुणाला सांगता येईना. दिसेल तिथं उपसत गेले. ती सापडली, पण उशिरा.

अण्णा रडले नाहीत. कोपऱ्यातल्या लोखंडी पंख्याकडं बघून एवढंच म्हणाले, "गाडी मुकी केलीस रे माझी. आता तिला कसं कळंल, मीच आलोय म्हणून?"

बाहेर क्लास सुटला होता, मुली हसत चालल्या होत्या...

दुसऱ्या दिवशी सगळं खोललं. लोखंडी पंखा त्याच्या जागी परत बसवला. इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरच्या पुढं, जाळीच्या आत नेला. सेन्सर काढून टाकला आणि डॅशबोर्डवर साधा खटका दिला, तोही चावीतून. चावी बंद, की सगळं बंद. "चिखलात लावा, अण्णा. ओढा ओलांडला की घालवा," मी सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

परवा ते जाऊन आले. मी विचारलं, "पोचली का गाडी?"

"पोचली. ओढ्यापासून तुझा फॅन बंदच ठेवला... सावकाश गेलो, तिला ऐकू जावं म्हणून. मग चावी काढून बसलो."

"मग?"

"मग काय... वारा होता."

आता गॅरेजमध्ये कुणाचीही गाडी येऊन बंद झाली, की मी लगेच बॉनेटला हात घालत नाही. जरा थांबतो. आपल्या घरची माणसं हाकेला ओ देतात, ही किती मोठी मेहेरबानी आहे... काल घरी बायकोनं आतून हाक मारली, आणि पहिल्याच हाकेला मी ओ दिली.