शेवटलेला फाळ

इकडे परदेशात, पुंगोलला मुलाकडे राहायला येऊन तेव्हा मला वर्ष झालं असेल. एका शनिवारी गावाहून धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, भंगारवाला आलाय. दादाच्या नांगराचा फाळ, कुदळी, विळे, सगळं गंजत पडलंय. देऊन टाकू का?"

आता काय सांगावं? आमचे हे गेल्यापासून शेत भावजीच बघतात, तेही ट्रॅक्टरने. फाळाला विचारतंय कोण! पण तोंडातून 'द्या' काही निघेना. म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांबवा त्याला."

त्याच दुपारी सुनेच्या ऑफिसातली एक बाई चहाला आली. मूळची स्लोव्हाकियाची. तिला इंग्रजी, मला मराठी, मधे सून. थालीपीठ वाढता वाढता मी फाळाचं सांगून बसले. झालं! बाईने फोनच काढला आणि तिच्या माहेराजवळ जमिनीत सापडलेल्या खजिन्याचे फोटो दाखवायला लागली.

खजिना म्हटल्यावर नात धावत आली. "आजी, गोल्ड कुठाय? सगळं रस्टी लाह!" हे 'लाह' इकडच्या शाळेतलं.

खरंच, सोन्याचा कण नाही. खड्ड्यात एकावर एक रचलेलं नुसतं लोखंड. विळे, कुदळी, नांगराचे फाळ. तिथे जुने स्लाव्ह लोक शेती करायचे, त्यांचं हे. हजारावर वर्षं झाली म्हणे.

"पुरलं कशाला पण?"

"नक्की कुणालाच माहीत नाही, आई," सून म्हणाली. "कुणी म्हणतं शत्रूच्या भीतीने लपवलं, कुणी म्हणतं देवाला वाहिलं."

मला दोन्ही पटलं. खंडेनवमीला आपण तरी काय करतो? अवजारं पुसून देवापुढेच मांडतो ना.

मग एका फाळाचा फोटो आला. आमचा फाळ पहारीसारखा लांबट. हा रुंद, जिभेसारखा, कडा दुमडून लाकडावर चढवायचा. तरी ओळखला हो मी! बाईने दोन बोटांनी फोटो मोठा केला, तर टोकाशी जोड दिसला. तिथलं लोखंड वेगळं, मागाहून ठोकून बसवलेलं. फाळाचं टोक झिजलं की लोहार नवं लोखंड जोडून टोक काढून देतो, त्याला आमच्याकडे शेवटणं म्हणतात. नांगरटीआधी आमचे हे फाळ शेवटून आणायचे आणि ओट्यावर ठेवून म्हणायचे, "हात लावशील हं, अजून गरम आहे."

आणि तिकडे बर्फाच्या मुलखात, कोण कुठल्या बाईच्या नवऱ्याने, तस्साच शेवटून आणलेला! पुढच्या नांगरटीसाठीच आणला असणार ना त्याने? मग घ्यायला का नाही आला कुणी?



मी त्या बाईसमोरच गावी फोन लावला. "भावजी, बाकीचं द्यायचं तर द्या. फाळ देऊ नका. शेवटून आणा."

"अहो वहिनी, कशाला? बैल कुठायत आता?"

"जुंपू नका. खंडेनवमीला मी येतेय."

"आणि जाताना विमानातून नेणार की काय तो?"

"ते मी विमानवाल्यांना विचारते," म्हटलं, "तुम्ही आधी लोहाराकडे जा."