काळोख करायचा नाही

सायखेड्याहून तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी पंचवटीतल्या आमच्या तालमीच्या खोलीत होतो. "दादा, आपली शकू गेली हो…" आणि मी, जन्माचा बडबड्या, फोन धरून मुका झालो. शकू पोट धरून हसली असती.

शकू जन्मापासून बहिरी. बोलायची हातांनी, आणि हात असे चालायचे की समोरच्याला धाप लागावी. मला तिनं खुणा शिकवल्या त्या शिव्यांपासून. आमच्या हौशी नाट्यमंडळात प्रत्येकाला तिनं खुणेचं नाव दिलेलं. दिग्दर्शक अण्णा म्हणजे मिशीला पीळ. मी दिवे सांभाळायचो, म्हणून माझं नाव मूठ उघडून मिटायची. तिला हाक मारायची तर खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद करायचा.

नव्वदच्या दशकात अण्णांनी एकांकिका बसवली. नायिका बहिरी, म्हणून काम शकूला. शेवटी आई मरणपंथाला, देवळातली घंटा वाजते, मुलीला ऐकू येतं आणि ती 'आई' म्हणून किंचाळते! किंचाळणार होती विंगेतून अण्णांची पुतणी. शकूनं नुसतं तोंड उघडायचं.

शकूचे हात तडतडले. मी ते बोलून दाखवलं, "म्हणते, नाटकातला बहिरा शेवटी बरा तरी होतो, नाहीतर मरतो. मी दोन्ही करणार नाही."

"अगं, त्या जागी टाळ्या पडतात!"

"मला कुठं ऐकू येतात?"

"मग पुतणीच करील काम," अण्णा म्हणाले. शकूनं हात मांडीवर ठेवले. काम तिच्याकडेच राहिलं, पण ती इतक्या सहज ऐकेल हे मला काही पटेना…

स्पर्धेत घंटा वाजली. पुतणी किंचाळली. शकूचं तोंड घट्ट मिटलेलं! प्रेक्षकांत कुणी फिसकन हसलं. ती आईच्या अंथरुणाशी बसली आणि हातांनी बोलू लागली… आई, मी इथंच आहे, माझ्याकडे बघ. "काळोख कर, गाढवा!" विंगेत अण्णा माझ्या कानाशी फुत्कारले. माझा हात दिवे मंद करायच्या डिमरवर. काळोख केला की तिचं बोलणंच तोडलं. अण्णांनी हात घातला, तसा मी डिमरवर आडवाच पडलो! इकडे आई झालेल्या बाईंनी मरायचं सोडून डोळे उघडले आणि त्या शकूचे हात बघत राहिल्या. हसणं केव्हाच थांबलं होतं. सगळं बोलून झाल्यावर शकूनं माझ्याकडे पाहून मूठ मिटली. तेव्हा कुठं मी काळोख केला.

परीक्षकांचा शेरा आला: शेवट कळला नाही. अण्णांनी अबोला धरला. शकू त्यांच्या मिशीची नक्कल करत हिंडली. पुढे अण्णांनीच तिला कितीतरी कामं दिली. त्यातल्या एकाही नाटकात ती बरी झाली नाही.

परवा तालमीच्या त्या खोलीत एकटाच गेलो. सवयीनं बटण दोनदा खाली-वर केलं. कुणी वळून पाहिलं नाही… निघताना दिवा चालूच ठेवला. न जाणो, तिचं बोलणं अर्धं राहिलं असलं तर!