पैकीच्या पैकी गुणांची भीती

नाशिक जिल्ह्यात भित्र्या माणसांची निवडणूक झाली असती, तर आमच्या कॉलेजातले मानसशास्त्राचे सर बिनविरोध निवडून आले असते. कुलूप लावून जिना उतरले की ते परत वर जात, कुलूप ओढून बघत, आणि ओढल्यामुळे सैल झालं असेल या भीतीने आणखी एकदा वर जात. बस पाचची असेल तर सर चारला स्टँडवर. एसटीत जागा संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीशेजारचीच हवी. ती मिळाली की खिडकी आपोआप उघडेल म्हणून दोन्ही हातांनी कडी धरून बसायचे. असा माणूस लोकांच्या मनाचं स्वास्थ्य मोजायला निघाला होता, आणि मी त्यांचा मदतनीस होतो.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. एक इंग्रजी प्रश्नावली हरसूलकडच्या पाड्यांवरच्या बोलीत आणायची होती. एकाने बोलीत न्यायची, दुसऱ्याने मूळ न बघता परत आणायची, मग दोन्ही ताडून बघायच्या. 'मला भविष्याबद्दल आशा वाटते' हे वाक्य पाड्यावर जाऊन 'यंदा भात बरं पिकेल' होऊन परत आलं. मला हसू आवरेना. सर म्हणाले, "हसू नका. आपलंच वाक्य पोकळ होतं." नवव्या प्रश्नाला मात्र ते अडायचे. 'जगू नये असं वाटतं का?' विचारल्यामुळेच कुणाच्या डोक्यात आलं तर, म्हणून ते तो खोडायचे. न विचारल्यामुळे राहून गेलं तर, म्हणून पुन्हा लिहायचे.

पहिल्याच चाचणीत पाड्यावरच्या एका बाईने सगळ्या प्रश्नांना हसून चांगलीच उत्तरं दिली, वर आम्हाला चहा पाजला. पैकीच्या पैकी गुण! मी खुशीत होतो, पण फाट्यावर येईपर्यंत सर पांढरेफटक पडले. "अहो, घरात झोळी बांधलेली होती आणि मूल कुठेच दिसलं नाही. पैकीच्या पैकी कुणाला मिळतात? जो काहीच सांगत नाही त्याला." शेवटची एसटी समोर उभी होती. सरांनी ती जाऊ दिली. तेव्हा मात्र मीही घाबरलो.

आम्ही परत पाड्यावर पोचलो तेव्हा बाई नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. सरांनी कागद पिशवीत घातले आणि शेजारी बसून खडे वेचू लागले. मग म्हणाले, "ताई, मघाशी खरं का नाही सांगितलंत?"

"पाव्हण्याला कोन रडगाणं सांगल, गुरुजी? च्या गोड लागंल का त्याला?" सूप थांबलं. "पोर गेली माझी. आता हिरीवर जायाला भ्या वाटतं. माझंच मला भ्या वाटतं."

सरांनी नववा प्रश्न कागदाविना विचारला. ती 'हो' म्हणाली. शेजारच्या पाड्यावरून तिची बहीण येईपर्यंत सर उंबऱ्यावरून हलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दोघींना स्वतः नाशिकला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

पुढे दर बाजाराला सर हरसूलला जात. ती भाजी विकताना लांबून दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. एकदा तिनेच हाक मारली, गोणपाटावर जागा करून दिली. "गुरुजी, तुमी येवढं कशाला भेता? तुमाला काय झालंय?" सर तासभर बोलत होते. मी दूर उभा होतो, मला काही ऐकू आलं नाही.

आता सर नाहीत. अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर लोकांना प्रश्न विचारत हिंडलो, त्यांच्या भीतीच्या नकला करून स्टाफरूम हसवली. फक्त त्यांना कसली भीती वाटते, हे मी कधी विचारलं नाही.