पेडलमधली बाई

दुपारी गिटारचं पेडल उघडून बसलो होतो. सुराला धार देणारी ही पायाखालची डबी काही दिवस नुसतीच खरखरत होती. बॅटरी बदलली, केबल बदलली, खरखर जाईना. स्पीकरचा आवाज वाढवून कान दिला, तर खरखरीच्या तळाशी एक बाई गात होती! सुटलेल्या वायरीतून कुठलंसं रेडिओ स्टेशन आत शिरलं होतं. हवेत सतत किती जण गात असतील, आणि आपण धडधाकट, म्हणून आपल्याला काहीच ऐकू येत नसेल.

वायर सोल्डर करून पक्की जोडली. बाई गप्प झाली.

एरवी माझ्या गिटारला दार लावून घेणारी आई मटार सोलता सोलता दारात आली.

"बंद का केलंस रे? छान गात होती."

मी सोल्डरिंग गन पुन्हा तापत ठेवली, तीच वायर सोडवायला.