धोट्याचा लिलाव

शेजारच्या वहिनी मोबाईलवर लाइव्ह लिलाव करतात. बंद पडलेल्या हातमागांचे, आडवा धागा नेणारे लाकडी धोटे घासूनपुसून दाखवतात, लोक घरबसल्या बोली लावतात. बोली चढली की वहिनींना बसवत नाही. पदर खोचून त्या घरभर फिरतात.

परवा मोबाईल मी धरला होता. एका धोट्यासाठी पुण्याच्या बाई आणि नागपूरचे आजोबा इरेला पेटले. वहिनी टाळ्या पिटत होत्या. तेवढ्यात आजोबांनी लिहिलं, "वडिलांच्या मागावर असाच होता. पण यापुढे जमणार नाही."

वहिनी थबकल्या. "अवो आजोबा, नाराज होऊ नका! असलाच दुसरा हाय की माज्याकडं!"

"मग मी तरी एवढे कशाला देऊ?" पुण्याच्या बाईंनी लगेच लिहून विचारलं.

दोन्ही धोटे निम्म्या किमतीत गेले. मी कपाळाला हात लावला. वहिनींनी तोच हात ओढून त्यावर टाळी दिली. "दोगंबी लई खूश झाली की, ताई!"