कपाटामागे धावलेली अर्लीन

विल्मट गावात अर्लीन टिमरमनच्या हाताखालून डोकं न गेलेली बाई सापडायची नाही. केस कापायचं दुकान बंद केलं तेव्हा कात्री थांबली, जीभ नाही. हल्ली ती जुन्या तुरुंगातलं काउंटीचं संग्रहालय सांभाळते. म्हणजे दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेते.

तिचा खरा तोरा ऑगस्टातल्या जत्रेत. १८८७ साली काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, कचेरी शेजारच्या गार्लंडला होती. एका रविवारी गार्लंडकर चर्चमध्ये गात बसलेले असताना विल्मटच्या लोकांनी दप्तराचं कपाट घोडागाडीत घालून पळवलं. दप्तर जिथे कचेरी तिथे, म्हणून ती तेव्हापासून इकडे. दरवर्षी त्याचं सोंग निघतं: पुढे कपाटाची गाडी, मागे झाडू परजत गार्लंडकर. गाडीच्या पुढच्या बाकावर चाळीस वर्षं अर्लीन, कारण त्या दिवशी लगाम म्हणे तिच्या पणजोबांच्या, हाइनरिकच्या हातात होते. यंदा तर कचेरीच्या भिंतीवर त्याच्या नावाची पितळी पाटी बसणार होती.

जत्रेच्या आठवड्यात गार्लंडच्या ड्वेन होल्श्टरने आजीच्या माळ्यावरची पेटी आणून दिली. आत जुन्या जर्मन अक्षरातली पत्रं. ते अक्षर आता पंचक्रोशीत एकट्या अर्लीनला लागतं. दुसऱ्या दिवशी तो विचारायला हजर.

"काय निघालं गं?"

"पाककृती," अर्लीन म्हणाली. "कोबीच्या."

"सगळ्या कोबीच्या?"

"तुझी आजी, मला काय विचारतोस!"

"एक तरी वाच ना." ड्वेनने खिशातून पेन काढलं. "तिच्या हातचं खाऊन तीस वर्षं झाली."

अर्लीनने ठोकून दिलं: कोबी चिरा, व्हिनेगर घाला. तो बापडा तळहातावर लिहून घेऊ लागला. "किती वेळ उकळायचं?" त्याने इतक्या भाबडेपणाने विचारलं की अर्लीनला राहवेना.

"पूस ते. कोबीबिबी काही नाही. गार्लंडच्या कारकुनाचं पत्र आहे, ऐक. 'दारावर पहाऱ्याला हाइनरिक टिमरमन होता. त्या गाढवाला वाटलं, भिंती रंगवायला माणसं आलीत. कपाट उचलायला हात दिलान, वर म्हणतो, सावकाश, कोपरा लागेल! लाजेने विल्मटला गेला तो पुन्हा आपल्या गावात फिरकला नाही.'"

ड्वेन हसत हसत कैद्याच्या खाटेवर आडवा झाला. "म्हणजे तू आमची निघालीस की!"

"दात काढू नकोस. माझा बाक गेला."

जत्रेच्या समितीतल्या ग्लेंडाला तिने त्याच संध्याकाळी पत्र वाचून दाखवलं. ग्लेंडा कुजबुजली, "अगं, शनिवारची जत्रा तेवढी उलटू दे. जर्मन येतंय कुणाला?"

"मला येतंय ना! पाटी एकदा बसली की उपटायला कुणी यायचं नाही."

पाटी खोक्यात राहिली. बाकावर ग्लेंडा स्वतः बसली, नवी टोपी घालून. तिला फार आग्रह करावा लागला नाही. अर्लीन झाडू घेऊन गार्लंडकरांत उभी राहिली तेव्हा निम्मं विल्मट ओरडलं, "फितूर!" आणि गार्लंडकरांनी तिला कोलाची नावाचा गोड पाव दिला, जर्दाळूचा.

गाडी निघाली. गार्लंडकर नेहमीसारखे रस्त्याने धावू लागले.

"कुठे निघालात, मेंढरांनो?" अर्लीन ओरडली. "औषधाच्या दुकानापाशी गाडी थांबते, फोटोसाठी. मीच थांबवत आलेय. या, बँकेमागच्या बोळातून!"

ग्लेंडा कॅमेऱ्याकडे बघून टोपी सारखी करत असतानाच कपाटावर पहिला झाडू आपटला. गार्लंडने कपाट गाठलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. अर्लीनला धाप लागली होती, बोलवत नव्हतं. तिची जीभ थांबलेली मात्र विल्मटने प्रथमच पाहिली.