कोंडवाड्यातला आकडा

सत्तर साल असावं. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटी निघून दोन वर्षं झाली होती. मी दिवसा साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात कारकुनी करी आणि घरी आल्यावर सोसायटीचे हिशेब लिही. त्याबद्दल काही मिळत नसे. पण घरच्या दोन म्हशींचं दूध तिथेच जाई, त्यामुळे सोसायटी टिकावी असं मनापासून वाटे.

ताळेबंदात ‘नफा-तोटा’ अशी एकच ओळ असे. आकडा काळ्या शाईत असला की नफा, तांबड्या शाईत असला की तोटा. त्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की दुधाची गाडी पलीकडेच अडके आणि कॅनमधलं दूध नासे. वर्षाअखेर अकराशे चाळीस रुपये तोटा आला. मी तो रिवाजाप्रमाणे तांबड्या शाईत लिहून कागद चेअरमनकडे दिला. त्यांनी तालुक्याच्या टंकलेखकाकडून सायक्लोस्टाइल प्रती काढून आणल्या आणि मी पाहण्याआधीच वाटल्या. सायक्लोस्टाइलची शाई एकच, काळी. गावात घरोघर अकराशे चाळीस रुपयांचा नफा जाऊन पोहोचला.

रविवारी संकलनाच्या पत्र्याच्या शेडसमोर सभा भरली. चेअरमन खुशीत होते. दिवाळीला बोनस देऊ, असं ते चार जणांना बोलूनही बसले होते. सोसायटीच्या हातात होते ते पैसे सभासदांना पुढच्या पंधरवड्यात द्यायच्या दुधाच्या पगाराचे. ते बोनस म्हणून वाटले असते तर पगार थकला असता, आणि लोकांनी दूध पुन्हा खासगी गवळ्याला घातलं असतं. सोसायटी मोडायला तेवढं पुरे होतं.

मी उठून हा तोटा आहे म्हणून सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. मूळ कागद फिरवला. एक म्हातारे सभासद तो लांब धरून बघत म्हणाले, “भाऊसाहेब, तांबडं तर आमी वहीपूजनालाबी लिवतो. त्यो काय तोटा असतो व्हय?”

लोक हसले. चेअरमन हसले नाहीत. त्यांना आता कळलं होतं.

शेडमध्ये दुधाच्या भावाचा फळा होता. त्यावर मी खडूने आकडा लिहिला आणि त्याला दोन्ही बाजूंनी कंस केला. कारखान्याच्या छापील अहवालात तोटा असाच दाखवतात, शाई कसलीही असो, कंस उमटतोच, हे सांगितलं. पण आकड्याला असं कोंडायचं कशासाठी, हे कुणीतरी विचारलं.

कडेला बसलेल्या एका विधवा सभासदबाईंनी सांगितलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. “कोंडवाड्यात घातलंय त्याला. जनावर आपलंच, पर दूध न्हाई. वर सोडवायला पैकं आपुनच भरायचं.”

“मावशीला ठावं असनारच,” मागून एक जण म्हणाला. “मागल्या म्हयन्यात हिचीच म्हैस हुती की तितं.”

“तुज्याच घासाच्या वावरात शिरली हुती. म्हून तर सांगते, जितकं दिस ठिवाल तितका दंड चढतो.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “सोडवायला काय पडल?”

मी फळ्यावरच मांडलं. रोजचं दूध सुमारे एकशे दहा लिटर. लिटरमागे तीन पैसे कापले तर वर्षाच्या आत भरपाई होत होती. चेअरमनचं दूध सगळ्यात जास्त. ते उभे राहिले आणि उद्या सकाळपासून आपले कापा, म्हणाले. मग एकेक हात वर होत गेले. घासवाल्याचा सगळ्यात शेवटी.

त्या वर्षी ओढ्यापाशी आम्ही पाळीपाळीने उभे राहायचो. पाणी आलं की कॅन डोक्यावरून पलीकडे न्यायचो आणि तिथून गाडीत चढवायचो.

पुढच्या वर्षीच्या सभेला प्रती मी स्वतः तपासून आणल्या. मावशींनी आपली प्रत माझ्यासमोर धरली आणि शेवटच्या आकड्याच्या अलीकडून पलीकडून बोट फिरवून पाहिलं. कंस नव्हता.

“सुटलं,” त्या म्हणाल्या. “किती हाय?”

“शहाऐंशी रुपये. बोनस द्यायचा तर माणशी दीड रुपयाही येणार नाही.”

त्यांनी कागदाची घडी घालून कनवटीला खोचली. “मग ऱ्हाऊ द्या सोसायटीतच,” त्या म्हणाल्या. “आत्ताच भाईर आलंय. चरू द्या जरा.”